या वयात काय गरज होती?

गेल्या महिन्यात ज्योती चांदेकर गेल्या. १६ ऑगस्टला, पुण्यात. 'ठरलं तर मग'मधली पूर्णा आजी म्हटलं की आपल्या लासलगावातल्या कुठल्याही घरात लगेच ओळख पटते. मी चार ओळींची पोस्ट टाकली. खाली नेहमीप्रमाणे 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली, हात जोडलेली चित्रं आली. आणि मधेच एकाने लिहिलं, "एवढं वय झालं, तब्येत साथ देत नाही, तरी काम सुटत नाही. या वयात काय गरज होती? पैशाची हाव, दुसरं काय."

त्यावर सतरा लाईक. नावं बघितली. निम्मे ओळखीचे. दोघं तर रोज संध्याकाळी चहाला भेटणारे.

तेव्हा उत्तर दिलं नाही. माणूस गेलेलं असताना भांडण नको म्हटलं. पण आज २२ सप्टेंबर आहे, आणि आज बोलायलाच पाहिजे, कारण आशालता वाबगावकरांना जाऊन आज पाच वर्षं झाली. हाच प्रश्न तेव्हाही विचारला होता. अगदी याच शब्दांत. फक्त त्यात 'कोरोनात' एवढा शब्द जास्त होता.

नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. जुन्यांनी कंटाळू नये.

आशालताबाई मूळच्या गोव्याच्या. जन्म १९४१ चा. आवाज गाता. धि गोवा हिंदू असोसिएशनने १ मे १९६४ ला वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' रंगमंचावर आणलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. त्यात सत्यवती केली ती या बाईंनी, वय तेवीसही पूर्ण नव्हतं. संगीत नाटक संपलं, असं त्या काळातही म्हणणारे होते. त्यांना 'मत्स्यगंधा'ने उत्तर दिलं. त्यातली त्यांची पदं आजही सकाळी रेडिओवर लागली तर माझी आई गॅस बारीक करते आणि ऐकत उभी राहते. पुढे 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये त्या येसूबाई होत्या. १९८० मध्ये बासू चॅटर्जींच्या 'अपने पराये'तून हिंदीत गेल्या. १९८६ चा 'अंकुश' आठवा, नाना पाटेकरचा. त्यातली आजी त्यांचीच. मराठी-हिंदी मिळून शंभरावर चित्रपट. मग मालिका. मधल्या काळात 'गर्द सभोवती' नावाचं पुस्तकही लिहिलं.

१९६४ ते २०२० म्हणजे छप्पन वर्षं. आपल्याकडं सरकारी नोकरदार अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि पेन्शन घेतो. इथं नोकरीचीच छप्पन वर्षं झाली आणि पेन्शन शून्य.

शेवटची मालिका 'आई माझी काळूबाई'. शूटिंग सातारा जिल्ह्यात. तिथं युनिटमधल्या अनेकांना कोरोनाची लागण झाली, त्यात त्याही होत्या. २२ सप्टेंबरला साताऱ्यातच गेल्या. अंत्यसंस्कारही तिथंच झाले. वय ७९.

आता माझी कबुली. त्या दिवशी मी काय केलं? काहीच नाही. आठवतंय ना, त्याआधी बरोबर आठ दिवस, १४ सप्टेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती. आपलं गाव तापलेलं होतं. मी दिवसभर बाजार समितीच्या आवारात, मोबाईल कानाला. संध्याकाळी डेस्कवरून फोन आला की तुमच्याकडे आशालता वाबगावकरांचं काही लोकल आहे का, नाटकाला आल्या होत्या वगैरे. मी म्हटलं, "साहेब, इथं कांदा पेटलाय." दुसऱ्या दिवशी आमच्याकडं बातमी एका कॉलमात लागली. त्यातही 'मत्स्यगंधा'चं साल चुकलेलं होतं. त्यामुळे मी कुणाला शिकवायला बसलेलो नाही. पण मी तेव्हा जे बघितलं नाही ते नंतर बघितलं, आणि ते सांगणं माझं काम आहे.

मे २०२० च्या अखेरीस राज्य सरकारने शूटिंगला परवानगी दिली. त्यात अट होती की पासष्टच्या वरच्या कुणालाही सेटवर येता येणार नाही. वरकरणी काळजीची अट. वाचल्यावर मलाही बरोबरच वाटली होती. पण सत्तरीतला एक नट मुंबई उच्च न्यायालयात गेला. चाळीस वर्षं छोट्या छोट्या भूमिका करून पोट भरणारा माणूस, पोस्टरवर कधी नाव न आलेला. त्याचं म्हणणं साधं होतं. मला दुसरं काही येत नाही, दुसरं उत्पन्न नाही, काम बंद केलंत तर खाऊ काय? ७ ऑगस्ट २०२० ला न्यायालयाने ती अट रद्द केली. पासष्टीचा माणूस दुकान उघडून बसू शकतो, तर सेटवर का जाऊ शकत नाही, हा त्यातला मुद्दा होता. काम करता येण्याजोग्या माणसाला घराबाहेर पडून कमावू दिलं नाही तर तो सन्मानाने जगणार कसा, हेही न्यायालयाने विचारलं.

आणि दीड महिन्यात आशालताबाई गेल्या.

लगेच शहाण्यांनी बोट दाखवलं. बघा, सरकारचं बरोबर होतं, कोर्टाचं चुकलं. काहींनी निर्मात्यांना झोडपलं, काहींनी चॅनेलला. माझं म्हणणं असं आहे की कोर्टाचं काही चुकलं नव्हतं. सरकारने बंदी घातली, पण बंदीच्या काळात घरी बसणाऱ्याने खायचं काय, याची एक ओळही त्या आदेशासोबत आली नाही. 'घरी बसा' सांगणं फुकट असतं. घरी बसवायला पैसे लागतात. ते कुणी ठेवले होते?

आशालताबाई पैशासाठी काम करत होत्या की हौसेने, हे विचारायचा अधिकार ना मला आहे ना तुम्हाला. त्यांची कला, त्यांचं आयुष्य. ऐंशीच्या घरातला डॉक्टर दवाखान्यात बसला की आपण म्हणतो, काय माणूस आहे. ऐंशीचा पुढारी सभा घेत फिरला की आपण म्हणतो, योद्धा आहे. आपल्या निफाड तालुक्यात पंच्याहत्तरीचे किती शेतकरी आजही पहाटे बारे द्यायला उठतात, त्यांना कुणी 'हाव' म्हणतं का? मग बाई नटी असली की लगेच 'या वयात काय गरज' कुठून येतं? त्या सतरा लाईकवाल्यांनी याचं उत्तर मला चहावर द्यावं.

एक गैरसमज आधी काढून टाकतो. "मालिकावाले लाखो कमावतात." कमावतात, पण कोण? हिरो-हिरोईन, तीही गाजलेल्या मालिकेतली, तीही मालिका चालू आहे तोवर. आजी, मावशी, शेजारीण, मोलकरीण करणाऱ्या बायकांचा हिशेब दिवसावर असतो. ज्या दिवशी बोलावलं त्या दिवसाचे पैसे. बारा-बारा तासांची शिफ्ट. पुढच्या आठवड्यात लेखकाने आजीला काशीला पाठवलं की पैसे बंद. आणि मिळालेल्या दिवसाचे पैसे तरी कधी? या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे द्यायची रीतच आहे. तेही मिळाले तर. २०२१ च्या फेब्रुवारीत 'हे मन बावरे' मालिकेतल्या कलाकारांनी थकलेल्या पैशांसाठी फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहीर लिहिलं होतं, विसरला असाल तर शोधा. ती तर ओळखीच्या चेहऱ्यांची माणसं होती. ज्यांचे चेहरे आपल्याला माहीत आहेत पण नावं माहीत नाहीत, त्यांनी कुठं लिहायचं?

आता हे आपल्या भाषेत समजून घेऊ. बाजार समितीत लिलाव झाला, काटा झाला, की नियमाने पैसे त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत हातात पडले पाहिजेत. व्यापाऱ्याने चेक पुढच्या तारखेचा दिला तर आपण लिलाव बंद पाडतो. पाडलेत. आणि बरोबर केलंय. तिकडं पासष्टीची बाई तीन महिने उधारीवर काम करते आणि बोलायची सोय नाही, कारण बोलली की पुढच्या मालिकेत आजी दुसरी.

पण खरा फरक याच्याही पुढे आहे. कांदा एकदा विकला, खाल्ला, संपला. त्याची आमटी परत होत नाही. मालिकेचा भाग मात्र रात्री लागतो, सकाळी परत लागतो, दुपारी परत, मग मोबाईलच्या ॲपवर वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्याआधी साबणाची नाही तर फ्लॅटची जाहिरात असते. आठवा, लॉकडाऊनमध्ये तीन महिने नवं शूटिंग नव्हतं. चॅनेल बंद पडले का? नाही. जुने भाग लावले. 'रामायण'पासून सगळं परत आलं. म्हणजे कलाकार घरात बसलेले, उत्पन्न बंद, आणि त्यांचीच जुनी कामं दाखवून चॅनेल चालू. ज्या म्हाताऱ्या नटीला सेटवर यायला बंदी होती ती पडद्यावर रोज दिसत होती. त्या दिसण्याचे तिला किती मिळाले?

आपल्याकडं याचा कायदा नाही असं नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी जावेद अख्तर संसदेत भांडले होते, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याच दुरुस्तीत सादरकर्त्या कलाकाराच्या कामाचा व्यापारी वापर झाला तर त्यालाही रॉयल्टीचा हक्क आहे, असं लिहिलेलं आहे. गायकांनी संघटना बांधून त्यातून थोडं का होईना पदरात पाडून घेतलं. मालिकेतल्या आजीपर्यंत मात्र ते आलंच नाही. कॉन्ट्रॅक्टवर सही घेतानाच सगळे हक्क निर्मात्याचे, निर्मात्याचे सगळे चॅनेलचे. ते कागद इंग्रजीत आणि सही व्हॅनिटीच्या दारात.

बाहेर काय आहे? अमेरिकेत १९६० साली नटांनी संप केला. चित्रपट टीव्हीवर परत दाखवले तर आम्हालाही त्यातला वाटा द्या, ही मागणी. त्या संपाचं नेतृत्व करणारा संघटनेचा अध्यक्ष कोण, तर रोनाल्ड रेगन. पुढे तोच राष्ट्राध्यक्ष झाला आणि संप करणाऱ्या विमान नियंत्रकांना घरी पाठवलं, ती गोष्ट वेगळी. पण १९६० च्या त्या संपातून नटांना पुनर्प्रक्षेपणाचे पैसे, पेन्शन आणि आजारपणाच्या विम्याची सोय मिळाली. २०२३ मध्ये त्याच संघटनेने परत ११८ दिवस संप केला, आता ऑनलाइनवाल्यांकडून वाटा पाहिजे म्हणून. तिकडं मालिकेत वीस-तीस वर्षं एकच भूमिका करणाऱ्या बायका आहेत. त्यांचंही सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पण परत दाखवलं तर परत पैसे, हे तत्त्व तिथं मान्य झालंय, त्याला पासष्ट वर्षं झाली.

आपल्याकडं पुरस्कार असतो. रोहिणी हट्टंगडींना 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा मिळालाय, हे आपल्या गावात किती जणांना माहीत आहे? आपल्यासाठी त्या 'होणार सून'मधल्या आईआजी. तेही ठीक, प्रेमाने म्हणतात लोक. पण विठाबाई नारायणगावकरांचं घ्या. राष्ट्रपती पदक १९५७ ला, पुन्हा १९९० ला. शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. २००२ मध्ये गेल्या, आणि आज सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव देतं. त्यांना जिवंतपणी जे लागत होतं ते त्यांच्या नावाने दुसऱ्यांना मिळतंय. मिळणाऱ्यांचं वाईट वाटत नाही, पण हे बघून राग येतो.

"सरकार मानधन देतं की," असं म्हणणारा एक कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच लिहितो. देतं. वृद्ध साहित्यिक-कलावंतांची योजना १९५४-५५ पासूनची आहे. वर्षानुवर्षं त्यात तीन वर्ग होते. राष्ट्रीय पातळीवरच्या कलावंताला महिन्याला ३,१५० रुपये, राज्य पातळीला २,७००, जिल्हा पातळीला २,२५०. २०२४ मध्ये सरसकट ५,००० केले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं. वाढ केली ते चांगलं केलं. पण एका जिल्ह्यात वर्षाला निवडायचे फक्त शंभर. नाशिक जिल्हा केवढा! इगतपुरीपासून नांदगावपर्यंत. भजनी, शाहीर, वासुदेव, तमाशातल्या बायका, बँडवाले, नाटकवाले, लेखक सगळे मिळून शंभर.

आणि त्या शंभरात शिरायचं कसं, ते मी स्वतः बघितलंय. दोन वर्षांपूर्वी जवळच्या एका खेड्यातल्या मावशी माझ्याकडं आल्या. तरुणपणी फडात होत्या, नंतर गावोगावच्या हौशी नाटकात बाईचं काम करायला त्यांनाच बोलवायचे. जत्रा आली की नाटक, नाटक आलं की मावशी. गावातल्या पोरी स्टेजवर जायच्या नाहीत, म्हणून बाहेरून बाई आणायची, ही पद्धत तुम्हाला माहीत आहेच. चाळीसेक वर्षं हे केलं. मी अर्ज भरून दिला. ज्या कार्यालयात गेलो तिथल्या माणसाने फाईल चाळली आणि विचारलं, "पुरावा?"

कलेत वर्षं घातल्याचा पुरावा. हँडबिल, कात्रण, प्रमाणपत्र, फोटो.

मावशींकडं एक फोटो होता. त्यात त्या शेवटून दुसऱ्या, आणि चेहऱ्यावर स्टेजच्या दिव्याचा पांढरा डाग. मी म्हटलं, कात्रणं मी काढतो, आपलाच धंदा आहे. जुने अंक चाळले, दोन दिवस धूळ खाल्ली. तीन बातम्या सापडल्या. त्या जत्रेच्या, त्या नाटकाच्या. एक तर माझीच, मी नवा होतो तेव्हाची. त्यात अध्यक्षांचं नाव, सरपंचांचं नाव, नारळ फोडणाऱ्याचं नाव, देणगीदारांची नावं, ध्वनिक्षेपकवाल्याचंसुद्धा नाव. नाटकातल्या पुरुष पात्रांची नावं. आणि शेवटी, "व स्त्री कलाकार".

माझ्या हाताने लिहिलेलं. व स्त्री कलाकार.

फाईल अजून तिथंच आहे. मावशी अधूनमधून विचारतात, "भाऊ, झालं का काही?" मी म्हणतो, "होईल मावशी." त्यांना अजून सांगितलेलं नाही की पुरावा कुणी खाल्ला.

म्हणून ते सतरा लाईक मला झोंबले. आशालता वाबगावकर, ज्योती चांदेकर ही नावं तरी आहेत. पोस्टरवर आली, टीव्हीवर आली, गेल्यावर मुख्यमंत्र्यांनी शोक व्यक्त केला. त्यांच्यामागं शेकडो बायका अशा आहेत ज्यांनी तेवढीच वर्षं घातली आणि ज्यांचं नाव बातमीतही आलं नाही. या सगळ्यांना आपण एकच सांगतो, या वयात काय गरज होती? गरज होती म्हणून करत होत्या बाबा. आणि नसली तरी करतील, कारण ते त्यांचं काम आहे.

मागण्या माझ्या मोठ्या नाहीत. मालिका परत दाखवली, ॲपवर ठेवली, तर कलाकाराला वाटा, आणि तो कॉन्ट्रॅक्टवर सही करून काढून घेता येणार नाही असा. कायद्यात बीज आहे, राबवायचं आहे. दिवसाचे पैसे तीस दिवसांत. साठीच्या वरच्या कलाकाराचा आरोग्य विमा सेटच्या खर्चात धरायचा, जेवणाचा खर्च धरता तसा. आणि मानधनाचा शंभरचा आकडा काढून टाका. पात्र असेल त्याला द्या. आपल्या आमदार-खासदारांना कांद्यावर प्रश्न विचारता येतो, तसा यावरही विचारता येईल. मी निवेदन लिहितोय, सह्या लागतील.

तोवर एक काम तुमचंही. तुमच्या घरात माळ्यावर, जुन्या पेटीत, देवघराच्या फळीवर जत्रेची हँडबिलं असतील, नाटकाचे पास असतील, मंडळाच्या हिशेबाच्या वह्या असतील ज्यात 'बाईंचे इतके' असं लिहिलेलं असेल. लासलगाव, विंचूर, निफाड, येवला, चांदवड, कुठलंही गाव. वही सापडली तर फेकू नका. त्यात एखाद्या बाईचं नाव असेल तर ते पान म्हणजे तिचे महिन्याचे पाच हजार आहेत. फोटो काढून पाठवा, नाहीतर घेऊन या. रविवारी सकाळी मी घरीच असतो. झेरॉक्सचा खर्च माझा.